शेवटचं एकटं कधी बसला होतात?

तापीकाठ

राम राम मंडळी.

मागच्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रपाळी होती. शहरातल्यांसाठी सांगतो, शेतीची थ्री-फेज लाईट दिवसाचे काही तासच मिळते, आणि पाळी बदलत राहते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. केळीला ठिबक आहे, तिथली मोटर घरबसल्या मोबाईलवरून चालू होते. पण दोन एकर गहू आहे, त्याला पाटाचं पाणी. तिथं माणूस लागतोच.

चोपडा तालुका, जानेवारीची थंडी, उत्तरेला सातपुड्याची काळी रेघ. साडेबाराला मोटर चालू केली, वाफ्यात पाणी सोडलं, बांधावर गोणपाट टाकून बसलो आणि खिशातून मोबाईल काढला. ४ टक्के. दोन-तीन रील बघितल्या असतील, गेला.

पुढचे साडेतीन तास मी, पाणी आणि कोल्हे. पहिल्या अर्ध्या तासात तो मेलेला मोबाईल मी तीनदा बाहेर काढून बघितला. चौथ्यांदा हात खिशात गेला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. मग जरा भीती वाटली. बिबट्याची भीती असतेच, ही तसली नव्हती. डोक्यात इतकं काय काय साचलं होतं की एकेक बाहेर यायला लागलं. भावाशी झालेला वाटणीचा वाद, पोरीची फी, कुणाला तरी २०१९ मध्ये बोललेला एक शब्द. दोन वाजता कुठं शांत झालो. मग वडील आठवले. ते अशाच रात्री तीस वर्षं बसले त्याच बांधावर. ट्रान्झिस्टर होता, पण आकाशवाणी जळगावची तिसरी सभा संपली की नुसती खरखर. त्यानंतर पहाटेपर्यंत ते काय करत असतील? मी कधी विचारलं नाही.

तर प्रश्न असा: मोबाईल नाही, टीव्ही नाही, गाणी नाहीत, पुस्तकही नाही, असं तासभर तुम्ही शेवटचं कधी बसला होतात? दवाखान्यातली रांग धरायची नाही. माझं म्हणणं, आपली ही सवयच मोडली आहे.

भरीतवाला

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर नंतर.

अवांतर: आजचा बुऱ्हाणपूरचा केळी भाव आहे का कुणाकडे?

कळणा भाकरी

संडास धरता का?

तापीकाठ

@कळणा भाकरी, मोबाईल न नेता जात असाल तर धरतो.

कळणा भाकरी

मग सप्टेंबर २०१६. जिओ यायच्या आदल्या दिवशी.

आहिराणी भो

भो, मना पोऱ्या मोबाईल देखाबिगर घास उचलस नही. आनि तुम्ही एकांतनी काय गोट करी ऱ्हायनात!

पांझरेश्वर

धुळ्यात मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं पुस्तकी बोलतो, सांभाळून घ्या.

अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर प्रयोग केले, २०१४ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आले. माणसाला रिकाम्या खोलीत एकटं बसवायचं. फोन, पुस्तक, पेन सगळं बाहेर. सहा ते पंधरा मिनिटं फक्त विचार करायचा. बहुतेकांना ते आवडलं नाही. मग एका प्रयोगात खोलीत एक बटण ठेवलं. दाबलं की विजेचा सौम्य पण नकोसा झटका बसतो. तो झटका सगळ्यांना आधीच देऊन दाखवला होता, आणि 'हा परत बसू नये म्हणून पैसे देऊ' असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तरी पंधरा मिनिटांच्या एकटेपणात १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ बायकांनी ते बटण निदान एकदा दाबलं. एका बहाद्दराने १९० वेळा.

तापीकाठ, तुम्ही मेलेला मोबाईल तीनदा काढलात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. निदान विजेच्या मोटरला हात तरी लावला नाहीत.

कळणा भाकरी

हा प्रयोग आमच्याकडे झाला असता तर सगळे शांत बसले असते. बटण दाबून दाबून कळलं असतं की लाईटच नाही.

गिरणामाई

सर, प्रयोग गमतीदार आहे, पण मला पटला नाही. एक तर माणसं थोडी. दुसरं, रिकाम्या खोलीत कुणीतरी घड्याळ लावून बसवलं तर तो एकांत कसला, ती तर एसटी स्टँडवर गाडीची वाट बघणं झालं. तापीकाठभाऊंना निदान पाणी होतं, वाफा भरला की उठून पाणी पुढे वळवायचं होतं. हाताला काम असलं की मन भटकलं तरी घाबरत नाही. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालायचं नाही.

पांझरेश्वर

@गिरणामाई, मान्य. विद्यार्थ्यांनी वर्गात एवढं विचारलं तर माझी नोकरी सार्थकी लागेल.

असोदेकर

जात्याचा विषय निघाला म्हणून. आमच्या असोद्याच्या लेकीचं, बहिणाबाई चौधरींचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. अक्षरओळख नाही, ऐन तिशीत वैधव्य, शेतातली आणि घरातली कामं. जे सुचलं ते जात्यावर आणि शेतात सुचलं. मुलानं, सोपानदेवांनी, ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं. आज त्यांच्या हातात मोबाईल असता तर? एक ओळ सुचायच्या आत तीन नोटिफिकेशन आली असती. जुन्या बायकांना कष्ट होते पण एकांत होता.

सातमजली सून

@असोदेकर, भाऊ, शेवटचं वाक्य मागे घ्या.

मी अमळनेर तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हा घरात ११ माणसं. पहाटे साडेचारला उठून चूल, मग भाकरी, मग शेतात कापूस वेचायला आठ-दहा बायका सोबत, संध्याकाळी परत तेच. रात्री झोपायला सासूबाईंच्या शेजारी, कारण मिस्टर सुरतेला कामाला. मला सांगा, यात एकांत कुठं होता? जात्यावर बसणाऱ्या बाईला एकांत होता असं त्यांनाच वाटतं ज्यांना आयतं पीठ मिळालं.

मला पहिला एकांत मोबाईलनं दिला. हसू नका. २०१७ मध्ये मिस्टरांनी जुना मोबाईल दिला, सोबत कानात घालायच्या वायरी. कापूस वेचताना एका कानात वायर, वरून पदर. सासू काय बोलते, जाऊ काय टोमणा मारते, काही ऐकू येत नाही. पाच किलो कापूस जास्त वेचला जायचा माझा. मी गोष्टी ऐकल्या, बातम्या ऐकल्या, शिवणकामाचे व्हिडीओ बघून ब्लाउज शिवायला शिकले. आज घरी शिलाई मशीन आहे.

तुम्हा पुरुषांना बांधावर एकटं बसता येतं म्हणून मोबाईल अडचण वाटतो. आम्हाला बसू कोण देतं?

गिरणामाई

सातमजलीताई, दंडवत.

असोदेकर

ताई, वाक्य मागे घेतो. आई वारली, नाहीतर तिलाच विचारलं असतं. बहुतेक तिनंही हेच सांगितलं असतं.

भरीतवाला

आलो. रुमाल उचलतो.

मी दोन वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेला गेलो होतो. दहा दिवस. गेल्या गेल्या मोबाईल जमा, आर्य मौन, पहाटे चारला घंटा. चौथ्या दिवशी वाटलं भिंतीवरून उडी मारून पळावं. सातव्या दिवशी एक पाल भिंतीवर बसली होती, तिच्याकडे अर्धा तास बघत होतो आणि अजिबात कंटाळा आला नाही. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

कळणा भाकरी

आणि मोबाईल परत मिळाल्यावर पहिलं काय केलंत?

भरीतवाला

स्टेटस टाकलं.

चाळीसगाव जंक्शन

एकांताचा विषय आणि आमच्या केकी मूस यांचं नाव अजून नाही? जन्म १९१२, मृत्यू १९८९. मोठे छायाचित्रकार, टेबलावर साध्या वस्तू मांडून असा देखावा उभा करायचे की फोटो खऱ्या जागेचा वाटावा. चाळीसगावला रेल्वे स्टेशनजवळच्या घरात त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलं, बाहेर पडणं नाहीच्या जमा. दंतकथा अशी की प्रेयसीनं येईन असं वचन दिलं होतं, म्हणून रोज रात्री पंजाब मेल यायच्या वेळेला ते दार उघडून वाट बघत, दोन माणसांचं ताट मांडत. खरंखोटं सोडा. पण त्या घरात बसून त्यांनी केलेलं काम बघायला या एकदा. घर जपून ठेवलंय.

मला वाटतं एकटं राहणारा माणूस रिकामा असेलच असं नाही. त्यांना चित्रकला, शिल्प, संगीत, सगळ्यांत गती होती.

कळणा भाकरी

म्हणजे नोटिफिकेशन त्यांनाही होतं. दिवसातून एकदा, पंजाब मेलचं. ते सुद्धा लेट.

पारोळेकर पुण्यात

कळणा भाकरींच्या विनोदात मोठा मुद्दा आहे.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मोबाईल ॲप बनवतो, नोटिफिकेशन कुणाला कधी पाठवायचं हे ठरवणाऱ्या टीममध्ये दोन वर्षं काढली, म्हणजे या पापात माझाही वाटा. पूर्वी प्रत्येक गोष्टीला शेवट असायचा. आकाशवाणीची सभा संपायची. दूरदर्शन रात्री बंद व्हायचं. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ती पौराणिक मालिका लागायची तेव्हा आमची आख्खी गल्ली एका टीव्हीसमोर, चपलांचा ढीग दारात. पण मालिका संपली की लोक आपापल्या घरी. इंटरनेटवरही आधी पान संपायचं, 'पुढे' वर टिचकी मारावी लागायची. ते पान न संपता खाली खाली सरकत राहायची सोय २००६ मध्ये अझा रास्किन या माणसानं काढली, आणि पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. टिचकी मारायच्या त्या एका क्षणात माणूस 'बास आता' म्हणू शकत होता. तो क्षण आम्ही काढून घेतला.

तापीकाठ, तुमचे वडील खरखर ऐकू आली की रेडिओ बंद करत असतील. तुमच्या मोबाईलला खरखर नाही.

तापीकाठ

@पारोळेकर, हे वाचून गप्प बसलो होतो जरा.

आहिराणी भो

मंग पोऱ्याना मोबाईलमा खरखर टाकी दे ना भो!

सातपुडा मास्तर

मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षक आहे. हा प्रतिसाद शनिवारी तालुक्याला आलो तेव्हा लिहितोय, यावरून ओळखा.

इथं रेंज नाही. डोंगराच्या सोंडेवर एक महूचं झाड आहे, त्याच्याखाली दोन काड्या येतात. संध्याकाळी अर्धा पाडा तिथं. मी मूळचा शिरपूरचा. पहिल्या महिन्यात वेड लागायचं बाकी होतं. सहाव्या महिन्यात मुलांबरोबर नदीवर जाऊन तासन् तास बसायला लागलो. तुमच्या व्याख्येतला तासभर मी रोज बसतो.

पण एवढ्यावरून कुणी इथं रिसॉर्ट काढायला येऊ नका. रेशनचं मशीन अंगठा घ्यायला रेंज मागतं, म्हणून ते डोंगरावर न्यावं लागतं, आणि म्हाताऱ्या बाया त्याच्या मागे डोंगर चढतात. पावसाळ्यात एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावायला तिचा दीर अंधारात महूपर्यंत पळत गेला. फोन लागला, बाई आणि बाळ सुखरूप आहेत. पण तो पळत असताना मी खाली कंदील धरून उभा होतो, तेव्हा एकांताचं सौंदर्य वगैरे काही सुचत नव्हतं.

मोबाईल खिशात असून न बघणं ही वेगळी गोष्ट, आणि नसणं वेगळी.

पांझरेश्वर

मास्तर, नमस्कार. शेवटचं वाक्य वर्गात सांगणार आहे, तुमच्या आयडीसकट.

सरपंचाचा पुतण्या

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं वाचलंय ना सगळ्यांनी? २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास गावात टीव्ही-मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचत किंवा गप्पा मारत. आम्ही जोशात येऊन आमच्याही ग्रामपंचायतीत ठराव केला. देवळावरचाच भोंगा वापरायचा ठरलं.

पहिला दिवस: पूर्ण गाव बंद. फोटो काढले.
दुसरा दिवस: काकूंनी विचारलं, मालिका साडेसातला असते, भोंगा साडेआठला नाही का लावता येणार?
तिसरा दिवस: दूध डेअरीवाल्याचं फॅट-एसएनएफ (दुधाची प्रत) मोबाईलवर येतं, त्याला सूट. मग केळी व्यापाऱ्यांना सूट, कारण ट्रक भरायची वेळ तीच. मग क्रिकेट मॅचला सूट.
आठव्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा बंद होता तो फक्त काकांचा मोबाईल. काका सरपंच आहेत म्हणून.

वडगाववाल्यांना मानलं पाहिजे.

भरीतवाला

काकांचा मोबाईल बंद म्हणजे गावाला दीड तास शांतता, तेवढं तरी साधलं. बाकी बुऱ्हाणपूरच्या भावाचं कुणीच बोलेना.

पारोळेकर पुण्यात

वर बरंच शहाणपण पाजळलं, आता स्वतःचं सांगतो. दोन दिवस लिहू की नको चाललं होतं.

आई पारोळ्याला एकटी असते. ७४ वर्षं. वडील गेल्यावर पुण्याला चल म्हटलं तर चार महिने राहिली आणि परत गेली. 'तठे कोनी बोलाले नही, फक्त लिफ्ट बोलस.' मागच्या वर्षी ती ओट्यावर पडली आणि तासभर कुणाला कळलं नाही. म्हणून मी घरात कॅमेरे बसवले. स्वयंपाकघर, ओसरी आणि झोपायची खोली. ऑफिसात मीटिंग चालू असताना एका कोपऱ्यात आई तांदूळ निवडताना दिसायची. मला बरं वाटायचं. आवाजाचीही सोय, इथून 'आई, गोळी घेतली का' म्हटलं की ती दचकून वर बघायची. बहीण नाशिकहून बघायची, मोठा भाऊ दुबईहून. तीन देव एका बाईवर लक्ष ठेवून.

दिवाळीनंतर एके दुपारी ओसरीचा कॅमेरा एकदम पांढरा झाला. मग स्वयंपाकघराचा. मला घाम फुटला. फोन लावला, उचलेना. शेजारच्या वहिनींना पळवलं. त्या गेल्या तर आई ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली, हातात काही नाही. कॅमेऱ्यावर वडिलांचं जुनं उपरणं टाकलेलं.

मी चिडून विचारलं, हे काय? ती म्हणाली, 'जराशी एकली बठेल व्हती रे भाऊ.'

म्हटलं, आई, तू तर कायम एकटीच असतेस. त्यावर ती काहीच बोलली नाही.

मी पुण्यात बसून लोकांना 'बास आता' म्हणायचा क्षण कसा काढून घेतला ते तुम्हाला समजावत होतो. आईचा तर मी पूर्ण दिवस काढून घेतला होता. आता ओसरीचा कॅमेरा काढलाय. स्वयंपाकघराचा ठेवलाय, तिच्याशी बोलून. दुपारी दोन ते चार तिला फोन करायचा नाही, असं तिघा भावंडांचं ठरलंय. दुबईवाला अजून विसरतो.

सातमजली सून

दादा, ते उपरणं त्यांनी किती दिवस हाताशी ठेवलं असेल.

चाळीसगाव जंक्शन

वाचून आईला फोन लावणार होतो. घड्याळ बघितलं, पावणेतीन. ठेवला.

असोदेकर

इतके दिवस या धाग्यावर एकांत आणि एकटेपणा आपण एकच धरून चाललो होतो. मावशींनी दोन्ही एका वाक्यात दाखवले. सरकारांना जमलं नाही हे, ब्रिटननं २०१८ मध्ये एकटेपणासाठी मंत्री नेमला म्हणतात.

कळणा भाकरी

आपल्याकडे नेमला तर खातं कुणाला द्यायचं यावर सहा महिने बैठका. मंत्र्याला एक मिनिट एकटं सोडायचे नाहीत.

(पारोळेकर, तुमच्या प्रतिसादावर विनोद सुचला नाही. पहिल्यांदाच.)

गिरणामाई

धागाकर्ते कुठं गेले? आमच्या उत्तरांचं काय? माझं घ्या: मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माहेरी झोका बांधला होता, दुपारी सगळ्या झोपल्या, पोरं मोबाईलवर, मी एकटीच झोक्यावर. तास झाला असेल. झोका धरायचा का?

तापीकाठ

@गिरणामाई, झोका धरला. पहिला नंबर तुमचा आणि मास्तरांचा. आईंचं नाव स्पर्धेबाहेर, वर.

इतके दिवस नव्हतो कारण परत रात्रपाळी लागली. यावेळी ठरवून मोबाईल घरी ठेवायचं म्हटलं. बॅटरी संपल्यावर बसणं सोपं, भरलेला मोबाईल मागे ठेवून जाणं अवघड, मास्तर म्हणाले तेच. बायकोनं दारातच अडवलं. म्हणे गेल्याच आठवड्यात शेजारच्या शिवारात बिबट्यानं वासरू नेलं, मोबाईल न्या नाहीतर मी येते. मी म्हटलं, ये. तिला वाटलं मी मोबाईल नेईन. मला वाटलं ती झोपेल. दोघंही चुकलो.

तर काल रात्री बांधावर दोघं. गोणपाट एकच. पहिला तासभर कुणी बोललं नाही. मग ती म्हणाली, मामंजी रात्री काय करायचे माहीत आहे का? मी म्हटलं, तुला काय माहीत? तर म्हणे, मी लग्न होऊन आले त्या वर्षी विचारलं होतं त्यांना. ते म्हणाले, वाफे मोजायचो, आणि मोजून झाले की परत पहिल्यापासून.

मी वीस वर्षं त्या माणसाच्या शेजारच्या खाटेवर झोपलो.

सातमजली सून

मग तुम्ही मोजले का?

तापीकाठ

सुरू केले होते. एकतीसपर्यंत आलो आणि मोटर ट्रिप झाली. बांधावरून पेटीपर्यंत जाऊन आलो तोवर ही उरलेले मोजून बसली होती. आकडा सांगत नाही म्हणते.

@भरीतवाला, भाव ग्रुपवर आलाय सकाळीच. मोबाईल बघा.